भाद्रपदात फुगलेलं मखर

प्रश्न : कोथरूडच्या आमच्या सोसायटीत नऊ जणांचा सुतारकामाचा गट आहे. दर रविवारी पार्किंगच्या कोपऱ्यात जमतो. मे महिन्यात सगळ्यांनी मिळून गणपतीसाठी लाकडी मखर केलं. एकही खिळा नाही, दरवर्षी सुटं करून माळ्यावर टाकता येईल असं. तेव्हा चार वेळा जोडून पाहिलं, नुसत्या हाताने बसत होतं. हरतालिकेच्या रात्री मात्र आडव्या पट्ट्या खांबांत जाईनात. एकाने हातोडा घातला आणि खांब उभा चिरला. शेवटी सुतळीने बांधून, वर झेंडूच्या माळा सोडून वेळ मारून नेली. आता पट्ट्या कापणारा म्हणतो भोकं लहान, भोकं पाडणारा म्हणतो पट्ट्या मोठ्या. दोघंही रविवारी यायचे थांबलेत. काय करावं?

उत्तर : दोघांना चहाला बोलवा आणि सांगा, माप कोणाचंच चुकलेलं नाही. मे महिन्यात आपल्याकडची हवा कोरडी ठाक असते, तेव्हा लाकूडही आक्रसलेलं असतं. आषाढ-श्रावणात तेच लाकूड हवेतली ओल पिऊन फुगतं. फुगतं ते रुंदीत आणि जाडीत, लांबीत जवळजवळ नाहीच. तुमचं लाकूड पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन असणार (हौशी गटांचं बहुधा तेच असतं, स्वस्त पडतं). त्याची चार इंच रुंद पट्टी पावसाळ्यात मिलिमीटरभर सहज वाढते.

खरी मेख पुढेच आहे. पट्टीच्या टोकाला जे कुसू (खांबाच्या भोकात शिरणारी जीभ) काढलंत, त्याची रुंदी खांबाच्या उभ्या दिशेत बसते. खांबाच्या लाकडाचे रेषे, म्हणजे तंतूही, उभेच. म्हणजे कुसू रुंदीला फुगलं, पण भोक त्या दिशेने वाढायला तयार नाही. एक मिलिमीटर जास्तीचं लाकूड जाणार कुठे? त्यावर हातोडा मारला की खांब रेषेत उकलतो. तुमचा तसाच उकलला.

मी ३४ वर्षं भोसरीतल्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होतो, म्हणजे ओतकामाच्या साच्यांसाठी लाकडी नमुने करणारा. बीड (ओतीव लोखंड) ओतलं की थंड होताना मीटरमागे साधारण १० मिलिमीटर आकसतं, म्हणून लाकडी पॅटर्न तेवढा मोठा करायचा. त्यासाठी आमची मोजपट्टीच वेगळी असायची, तिच्यावरचा एक मीटर खरा १०१० मिलिमीटरचा. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एक अख्खा पॅटर्न साध्या मोजपट्टीने केला. फोरमन एक शब्द बोलला नाही. त्याने तो पॅटर्न वर्षभर माझ्या बाकावर, डब्याशेजारी ठेवून दिला. पुढे काय होणार ते आजच्या मापात धरायचं, हे मी त्या डब्याशेजारी शिकलो.

तुम्हीही तेच करा. कुसवाची रुंदी दीड मिलिमीटरने उतरवा, जाडीला हात लावू नका. उन्हाळ्यात सांधा डुगडुगेल, डुगडुगू द्या. कुसू खांबाच्या आरपार काढा, बाहेर आलेल्या टोकाला चौकोनी भोक पाडा आणि त्यात बाभळीची पाचर ठोका. सैलपणा पाचर खाऊन टाकते, आणि विसर्जनानंतर एका टोल्यात मखर सुटं होतं. चिरलेला खांब आत्ता चिकटवू नका. दिवाळीनंतर हवा सुकली की चिरेत फेव्हिकॉल भरा, क्लॅम्प लावून रात्रभर ठेवा.

आता भांडणाचं. नऊ जणांच्या खिशात नऊ टेप असतील, तर मखर भाद्रपदात न फुगताही बिघडेल. दोन टेपांच्या आकड्यांत मिलिमीटरचा फरक मी कित्येकदा पाहिला आहे. जाड ठोकळ्यात एक भोक नीट पाडा आणि तो ठोकळा भिंतीला टांगा. प्रत्येक कुसू त्यात घालून बघायचं. खांबातली भोकं पाडायलाही त्याच भोकात चपखल बसणारा लाकडी तुकडा माप म्हणून वापरा. कामात आकडा नको, टेप खिशातच राहू दे. आणि कुसू काढणाऱ्याने एक रविवार भोकं पाडावीत, भोकंवाल्याने कुसू. हे तुमच्या दोघांपासूनच सुरू करा.

जाता जाता : चाकणकडून खोकी आणत असाल तर फळीवरचा शिक्का वाचा. ‘एचटी’ म्हणजे उष्णता दिलेलं, ते घ्या. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं, ते फुकट मिळालं तरी नको.

प्रश्न : मी ६१ वर्षांची. धायरीजवळच्या अशाच एका गटात एकटीच बाई आहे. मला दर वेळी पॉलिश पेपर घासायलाच देतात. पटाशी मागितली की ‘ताई, हात कापेल’ म्हणतात.

उत्तर : ताई, मागू नका, स्वतःची घ्या. रविवार पेठेत बोहरी आळीत नवी मिळेल. मी मात्र बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात जाईन. गंजलेलं जुनं पोलाद पुष्कळदा नव्यापेक्षा चांगलं निघतं. पातं ठोकून खणखणीत वाजतं का ते ऐका आणि मागची बाजू सपाट आहे ना ते बघा. खोल खड्डे असतील तर सोडून द्या. मग धार लावायला शिका. २५ अंशांचा उतार, दगडावर पाणी, दगडाची पूर्ण लांबी वापरायची, आणि शेवटी मागची बाजू सपाट टेकवून एकदा फिरवायची. मनगटावरचे केस सरसर उतरले की झालं.

हात कापतो तो बोथट पटाशीने, कारण तिला जोर लावावा लागतो. हे त्यांना ठाऊक नसावं. महिन्याभरात सगळे आपापल्या पटाश्या घेऊन तुमच्याकडे येतील. तेव्हा धार लावून द्या, आणि बदल्यात पॉलिश पेपर त्यांच्या हातात ठेवा. सोबत एन-९५ मास्कही द्या, भुसा छातीत जाणं वाईट.