बंगाली की असमिया? आधी 'र' पाहा

प्रश्न असा आहे: भाषा येत नसताना पाटीवरचा मजकूर बंगाली आहे की असमिया हे ओळखता येतं का? आणि लिपी एकच, तर मग उच्चार इतके वेगळे का?

ओळखता येतं, बहुतेक वेळा एकट्या 'र'वरून. दोन्हीकडे 'र'चा सांगाडा 'ब'चाच, शिरोरेषेला टांगलेला त्रिकोण. बंगालीत त्याच्याखाली टिंब देतात. असमियात टिंब नसतं, पोटातून तिरकी रेघ जाते. बंगाली माणसं त्याला 'पेटकाटा र' म्हणतात, आणि जुन्या बंगाली पोथ्यांतही तो सापडतोच. (झेरॉक्समध्ये टिंब उडालं की बंगाली 'घर'चं 'घब' होतं, तेवढं सांभाळा.)

दुसरी खूण 'व'. बंगालीत ब आणि व यांना एकच अक्षर, त्यामुळे 'जीवन' वाचतात 'जीबोन'. असमियात 'व' वेगळा आहे, त्याची रेघ खालच्या अंगाला असते. गुवाहाटी असमियात या 'व'ने लिहितात, बंगालीत मात्र 'गुयाहाटि'. पण 'विष्णु'सारख्या तत्सम शब्दांच्या सुरुवातीला असमियातही 'ब'च येतो. म्हणजे 'व' दिसला नाही म्हणून मजकूर बंगाली ठरत नाही. आणि टिंबवाला 'र' व हा 'व' एकत्र दिसले, तर मजकूर बहुधा मणिपुरी. तीही या लिपीत लिहिली जाते.

उच्चारांत तर लिपीवर विसंबूच नये. असमियात च आणि छ दोन्ही 'स' होतात: लिहायचं 'चाह', म्हणायचं 'साह'. ट आणि त यांत फरक उरत नाही. श, ष, स यांचा उच्चार घशाजवळून घासत येतो, फारसी 'खबर'मधल्या 'ख'सारखा. म्हणून 'असम' ऐकू येतं 'ऑखॉम'. जोडाक्षरांत मात्र बहुधा साधा 'स'. बंगालीत हे तिन्ही बहुतेक ठिकाणी 'श'. मराठीत नावं लिहिताना मूळ लेखन धरावं, असं मला वाटतं. 'ऑखॉम' छापून वाचकाला काही कळणार नाही.

'असमियाची लिपी बंगालीच ना?' असं आसामात विचारलं तर कपाळाला आठ्या पडतात. १८३६ ते १८७३ तिथल्या कचेऱ्यांत आणि शाळांत बंगालीच चालत होती, हे त्यामागचं एक कारण. युनिकोडमध्येही (संगणकावर प्रत्येक अक्षराला ठरलेला संकेतांक देणारी जागतिक पद्धत) दोन्हींचा विभाग एकच आणि त्याचं नाव 'बंगाली'. त्यावर कडी म्हणजे असमिया 'व'चं तिथलं अधिकृत नाव 'खाली तिरकी रेघ असलेला र' असं आहे! एकदा दिलेली नावं युनिकोड बदलत नाही, म्हणून चूक तशीच राहिली.

टंकताना बंगाली कीबोर्ड वापरून असमिया लिहू नका. दोन्ही 'र'चे संकेतांक वेगळे आहेत. टिंबवाला 'र' घालून लिहिलेलं असमिया नाव वाचणाऱ्याला कळेल, पण अक्षरशः जुळणी करणाऱ्या शोधात किंवा यादीत ते सापडणार नाही.