स्प्लिंट लावलेल्या लेकरासाठी कार सीट घेताना

सीट बघायला जाल तेव्हा बाळाला स्प्लिंटसकट (हात हलू नये म्हणून बांधलेला कडक आधार) सोबत न्या. माझ्या मुलीचा हात कोपरात सरळ बांधलेला होता. मी तिला घरी ठेवून सीट आणली आणि पहिल्याच दिवशी कळलं, हात पट्ट्यातून जातच नाही. ती रडत होती आणि मला घाम फुटला होता. मग जमलं ते असं: पट्टे पूर्ण सैल सोडायचे, बांधलेला हात आधी घालायचा, चांगला हात नंतर. म्हणूनच पट्टे भरपूर लांब सुटतील आणि बाजू फार आत आलेल्या नसतील, अशी सीट निवडा.

पट्टे अंगालगतच हवेत. स्प्लिंट किंवा गळ्यातली झोळी त्यांच्याखाली दाबली जाऊ देऊ नका. उशी, जाड जॅकेटही नको. आवळल्यावर खांद्याजवळ पट्टा चिमटीत धरून बघा, चुणी पकडता आली तर तो सैलच आहे. बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला असेल तर पट्टे सीटच्या पाठीतून खांद्याच्या पातळीला किंवा थोडे खाली निघायला हवेत, पुढच्या बाजूला असेल तर पातळीला किंवा थोडे वर. हाताला टेकू हवा असेल तर पट्टे लावून झाल्यावर टॉवेलची मऊ घडी ठेवा.

पट्टा कापणं, शिवणं, एक हात बाहेर ठेवणं, यातलं काहीही करू नका. प्रवासापुरती स्प्लिंट काढता येईल का, ते डॉक्टरांनाच विचारा. आम्हाला नाही म्हणाले होते.