घरच्या थिएटर-संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम बदलताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : टीव्हीला जोडलेल्या माझ्या संगणकात इंटेलचा सातव्या पिढीचा प्रोसेसर आहे. विंडोज ११ त्यावर चालत नाही आणि विंडोज १० ची अद्यतने बंद झाली आहेत. आम्ही मुख्यतः हार्ड डिस्कवर साठवलेले चित्रपट कोडी या चित्रपट लावण्याच्या प्रोग्रॅममधून पाहतो. लिनक्सकडे वळावे का? वळल्यास कोणते निवडावे?

उत्तर : वळावे, आणि तुमचा वापर पाहता लिब्रेइलेक हे केवळ कोडीसाठी बनवलेले लिनक्स निवडावे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. मुदतवाढीच्या योजनेत नाव नोंदवून निर्णय काही काळ लांबवता येतो, पण टळत नाही.

लिब्रेइलेक हा प्रकल्प २०१६ मध्ये ओपनइलेक या तशाच प्रकल्पातून वेगळा झाला. त्यात लिनक्सचा गाभा, कोडी आणि कोडी चालवण्यापुरते आवश्यक तेवढेच असते; डेस्कटॉप नाही, ब्राउझर नाही आणि एरवीच्या लिनक्सप्रमाणे हवे ते पॅकेज बसवण्याची सोयही नाही. अनेकांना ही उणीव वाटते, मला मात्र तेच त्याचे बलस्थान वाटते. टीव्हीशेजारचे यंत्र सुरू केल्यावर थोड्याच वेळात चित्रपटांची यादी समोर यावी आणि घरातील कोणालाही ते केवळ रिमोटने चालवता यावे, हीच त्याच्याकडून खरी अपेक्षा असते. शिवाय मूळ प्रणाली केवळ वाचता येणाऱ्या संकुचित फाइलमध्ये असल्यामुळे अचानक वीज गेली तरी तिला सहसा इजा होत नाही. ब्राउझर किंवा इतर प्रोग्रॅम त्याच यंत्रावर हवेच असतील, तर मात्र डेबियन किंवा लिनक्स मिंट यांसारखे संपूर्ण लिनक्स बसवून त्यावर कोडी चालवावे.

बसवण्यापूर्वी एक काळजी अवश्य घ्यावी. लिब्रेइलेकचा इन्स्टॉलर निवडलेली डिस्क संपूर्ण पुसतो. तिचा काही भाग राखून ठेवण्याचा पर्याय तो देत नाही. म्हणून चित्रपटांच्या डिस्कच्या केबल आधी काढून ठेवाव्यात. मी स्वतः दर वेळी हेच करतो. शक्य असल्यास विंडोजची डिस्कही बाजूला ठेवून लहानशी नवी एसएसडी लावावी. ३२ जीबीचीही पुरते. त्यामुळे काही बिनसले तर जुनी डिस्क पुन्हा जोडून पूर्वस्थितीला येता येते. बायॉसमधील (संगणकाच्या मूळ सेटिंगमधील) सिक्युअर बूट, म्हणजे केवळ मान्यताप्राप्त प्रणालीच सुरू होऊ देणारे संरक्षण, हेही बंद करावे लागते.

तुमचा प्रोसेसर १०-बिट एचईव्हीसी या संकुचन-पद्धतीचे चित्रपट हार्डवेअरवर उलगडू शकतो. एव्ही१ या त्याहून नव्या पद्धतीसाठी मात्र इंटेलची ११ वी पिढी लागते. तुमच्या सातव्या पिढीच्या अनेक मदरबोर्डांवर एचडीएमआय १.४ आहे, हेही पाहून घ्यावे. त्यातून फोर-के चित्र ३० हर्ट्झपर्यंतच जाते. सेकंदाला २४ चौकटींच्या चित्रपटांना ते पुरते, परंतु एचडीआर (उजेड-अंधाराचा अधिक विस्तार असलेले चित्र) मिळत नाही, आणि ही मर्यादा कोणतीही ऑपरेटिंग सिस्टीम दूर करू शकत नाही.

प्रश्न : आमच्या घरी नव्वद टक्के पाहणे सशुल्क स्ट्रीमिंग सेवांचे आहे आणि ते फोर-केमध्ये हवे आहे. लिनक्सवर ते मिळेल का?

उत्तर : नाही. या सेवा चित्राची गुणवत्ता यंत्रातील संरक्षण-व्यवस्थेच्या पातळीवरून ठरवतात. लिनक्सवरील ब्राउझरमध्ये वाइडवाइन या नक्कलविरोधी व्यवस्थेचे केवळ सॉफ्टवेअर-पातळीचे संरक्षण उपलब्ध असते, त्यामुळे बऱ्याच सेवा ७२० किंवा फार तर १०८० रेषांपर्यंतच चित्र देतात. इंटरनेटचा वेग वाढवून किंवा ब्राउझर बदलून यात फरक पडत नाही. या सेवा टीव्हीतील ॲपवर किंवा वेगळ्या स्ट्रीमिंग बॉक्सवर पाहाव्यात आणि संगणक स्वतःच्या संग्रहासाठी ठेवावा. तो संग्रह फारसा नसेल, तर हा बदल करू नये असेच मी सुचवेन.

प्रश्न : विंडोजवरील कोडीतून लिब्रेइलेकवर आलो. चित्रपटांची डिस्क जोडली जाते, पण तिच्यावर काही लिहिता येत नाही. शिवाय 'पाहिलेले' अशा सर्व खुणा नाहीशा झाल्या. विंडोजची डिस्क मी जपून ठेवली आहे.

उत्तर : ती जपून ठेवली हे फार चांगले केले, कारण दोन्ही दुरुस्त्यांसाठी ती लागणार आहे.

विंडोजमधील फास्ट स्टार्टअप चालू असेल तर 'शट डाउन' केल्यावर यंत्र पूर्णपणे बंद होत नाही. प्रणालीच्या गाभ्याची स्थिती डिस्कवर साठवून ते एक प्रकारे निद्रेत जाते आणि एनटीएफएस (विंडोजच्या फाइल-पद्धतीची) डिस्क अर्धवट उघड्या अवस्थेत राहते. अशा डिस्कवर लिहिल्यास माहिती बिघडू शकते, म्हणून लिनक्स ती केवळ वाचण्यासाठी जोडते. विंडोज पुन्हा सुरू करा, पॉवर ऑप्शन्समध्ये फास्ट स्टार्टअप बंद करा, चित्रपटांच्या डिस्कची त्रुटी-तपासणी करा आणि मग यंत्र बंद करा. लिनक्समधून जबरदस्तीने लिहिण्याच्या आज्ञा इंटरनेटवर सापडतील. त्या वापरू नयेत. डिस्क यापुढे याच यंत्रात राहणार असेल, तर चित्रपट अन्यत्र उतरवून ती ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल-पद्धतीने फॉरमॅट करणे दीर्घकाळ सोयीचे ठरते.

खुणांचे कारण वेगळे आहे. कोडी प्रत्येक चित्रपट त्याच्या पूर्ण मार्गावरून ओळखते. विंडोजवर तो मार्ग 'डी' ड्राइव्हपासून सुरू होत होता, आता तो वेगळाच असल्याने जुना डेटाबेस जसाच्या तसा आणला तरी जुळत नाही. त्यामुळे जुन्या कोडीमध्ये जाऊन लायब्ररी 'स्वतंत्र फाइल्स' या पर्यायाने एक्स्पोर्ट करावी. प्रत्येक चित्रपटाशेजारी एक एनएफओ (चित्रपटाच्या माहितीची) फाइल तयार होते आणि तो किती वेळा पाहिला याची नोंद तिच्यात असते. मात्र नवे कोडी ही नोंद आपण होऊन वाचत नाही. कोडीच्या यूजरडेटा फोल्डरमध्ये 'ॲडव्हान्स्डसेटिंग्ज' ही एक्सएमएल फाइल करून व्हिडिओ-लायब्ररीच्या विभागात पाहिल्याची स्थिती आयात करण्याचा पर्याय चालू करावा लागतो, आणि तोही संग्रह स्कॅन करण्याच्या आधी. हा क्रम चुकल्यामुळेच खुणा परत न आल्याची तक्रार वारंवार येते.

प्रश्न : बदलानंतर चित्रात दोन दोष दिसतात. काळा रंग राखाडी वाटतो, आणि कॅमेरा संथपणे सरकत असताना चित्र सतत अडखळते. ग्राफिक्स कार्ड बदलावे का?

उत्तर : तूर्त बदलू नये. दोन्ही दोष सेटिंगचे असण्याची शक्यता मोठी आहे.

टीव्हीसाठीच्या व्हिडिओमध्ये काळा १६ आणि पांढरा २३५ या अंकाने दर्शवला जातो, तर संगणकाच्या पूर्ण श्रेणीत ते ० आणि २५५ असतात. संगणक मर्यादित श्रेणी पाठवत असेल आणि टीव्ही तिला पूर्ण श्रेणी समजत असेल, तर काळा राखाडी दिसतो. उलट घडल्यास अंधारातील तपशील बुडून जातात. कोडी आणि टीव्ही दोहोंत मर्यादित श्रेणी निवडावी.

अडखळण्याचे कारण गणितात आहे. बहुतेक चित्रपट सेकंदाला २४ किंवा २३.९७६ चौकटींचे असतात. टीव्ही ६० हर्ट्झवर असेल, तर एक चौकट दोन वेळा आणि पुढची तीन वेळा दाखवावी लागते आणि ही असमानता संथ हालचालीत डोळ्यांना जाणवते. कोडीतील 'ॲडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट' हा पर्याय सुरुवातीला व शेवटी बदलण्यावर ठेवावा, म्हणजे टीव्ही चित्रपटाच्या वेगाला येतो. त्यानंतरही सुमारे ४२ सेकंदांनी एकदाच हलकासा झटका बसत असेल, तर २३.९७६ चा चित्रपट नेमक्या २४ हर्ट्झवर चालला आहे असे समजावे आणि परवानगी दिलेल्या दरांच्या यादीत २३.९७६ आहे का ते पाहावे.

प्रश्न : स्पीकरांना जोडलेल्या रिसीव्हरवर आता फक्त 'पीसीएम २.०' (साधा दोन वाहिन्यांचा ध्वनी) दिसते. विंडोजवर डॉल्बी ट्रूएचडी हा बहुवाहिनी ध्वनी मिळत होता.

उत्तर : कोडीच्या सेटिंगची पातळी 'एक्स्पर्ट' करा, ध्वनीसाठी एचडीएमआयचे अल्सा (लिनक्सची ध्वनी-व्यवस्था) उपकरण निवडा, पासथ्रू (ध्वनी न उलगडता तसाच रिसीव्हरकडे पाठवणे) चालू करा आणि रिसीव्हरला समजतात तेवढेच ध्वनीचे प्रकार निवडा. संपूर्ण डेस्कटॉप असलेल्या लिनक्सवर पाइपवायर ही सर्व प्रोग्रॅमचा ध्वनी हाताळणारी व्यवस्था मध्ये येते, त्यामुळे तेथे कोडी स्वतंत्र सत्रात चालवणे बरे. ऑप्टिकल केबलमधून ट्रूएचडी जात नाही. संगणक आधी टीव्हीला आणि तेथून एआरसीने (टीव्हीचा ध्वनी एचडीएमआयमधून परत पाठवण्याच्या सोयीने) रिसीव्हरला जोडला असेल, तरीही जाणार नाही. त्यासाठी ईएआरसी ही तिची सुधारित आवृत्ती हवी, किंवा संगणक थेट रिसीव्हरला जोडावा.

प्रश्न : विंडोज मीडिया सेंटरचा जुना इन्फ्रारेड रिमोट चालेल का?

उत्तर : बहुधा लगेच चालेल; त्याच्या यूएसबी रिसीव्हरचा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच आहे. टीव्हीच्याच रिमोटने संगणक चालवायचा असेल, तर बहुतेक संगणकांच्या एचडीएमआयमध्ये सीईसी (एका रिमोटने जोडलेली उपकरणे चालवण्याची सोय) नसते आणि त्यासाठी स्वतंत्र यूएसबी ॲडॅप्टर घ्यावा लागतो. खरी कसोटी निद्रेतून जागे होण्याची असते. यूएसबीवरून जागे करण्याची परवानगी बायॉसमध्ये द्यावी, यंत्र रात्रभर निद्रेत ठेवावे आणि सकाळी रिमोटने उठवून चित्र, ध्वनी व डिस्क तिन्ही परत येतात का ते पाहावे. काही दिवस हे निर्वेध जमल्यावरच विंडोजची जुनी डिस्क दुसऱ्या कामासाठी मोकळी करावी.