'चाचरणे' म्हणजे नक्की काय? 'तो चाचरत म्हणाला' याऐवजी 'तो तोतरेपणाने म्हणाला' असं लिहिलं तर चालेल का?

नाही चालणार. हे मी जरा हट्टाने सांगतोय, कारण मी स्वतः तोतरा आहे आणि या दोन शब्दांच्या गल्लतीचा फटका मला बसलेला आहे.

चाचरणे म्हणजे बोलताना कचरल्यामुळे अडखळणे. सांगू की नको, खरं बोलू की थाप मारू, समोरच्याला राग तर येणार नाही ना, असलं काहीतरी मनात चालू असतं आणि शब्द थांबत थांबत बाहेर येतात. 'वडिलांनी निकाल विचारताच तो चाचरला.' 'तिने चाचरत चाचरतच विषय काढला.' त्या क्षणापुरतं हे कुणाचंही होतं, फर्ड्या वक्त्याचंसुद्धा.

तोतरेपणाचं तसं नाही. काय बोलायचंय ते मला पक्कं ठाऊक असतं, शब्द अगदी ओठांवर असतो, पण पहिलं अक्षर अडकतं, ताणलं जातं किंवा चार-चारदा उमटतं. माझं 'क'शी वैर आहे आणि माझं नाव नेमकं 'क'वरून सुरू होतं! आता स्वतःचं नाव सांगायला कोण कचरेल? गंमत म्हणजे गाताना किंवा चारचौघांबरोबर एका सुरात म्हणताना आम्हा बहुतेकांचं अडखळणं जवळजवळ नाहीसं होतं. तोंडी परीक्षेत एकदा परीक्षक म्हणाले, "चाचरतोयस कशाला? अभ्यास केला नाहीस, सरळ सांग." उत्तर मला येत होतं. बाहेर पडत नव्हतं, एवढंच.

'अडखळणे' मात्र दोन्हीकडे चालतं, शिवाय पायालाही चालतं. उंबऱ्याला पाय अडखळतो, वाचताना जीभ अडखळते. संस्कृतातही तसंच आहे. 'स्खल्' म्हणजे ठेच लागणे, घसरणे, आणि त्यावरूनच न अडखळणारं ते 'अस्खलित'. अस्खलित वक्तृत्वाची तारीफ करताना आपण खरं तर 'याला कुठे ठेच लागली नाही' एवढंच म्हणत असतो.

'बोबडं' वेगळं. त्यात अडखळणं नसतंच, उच्चार कच्चा असतो: 'राजा'चा 'लाजा' होतो. 'बोबडी वळणे' हे मात्र भीतीने वाचा अडखळण्याबद्दल, म्हणजे अर्थाने चाचरण्याच्या जवळचं, पण त्याहून बरंच जोरदार. 'त-त प-प करणे' त्याच्याच शेजारी, फक्त त्यात थोडी चेष्टा आहे, आणि बहुतेकदा चोरी पकडली गेल्यावरच ते वापरतात. हिंदी वाचत असाल तर एक खड्डा सांभाळा: तिकडचं 'तुतलाना' म्हणजे आपलं बोबडं बोलणं. आपल्या तोतरं बोलण्याला तिकडे 'हकलाना' म्हणतात.

'चाचपडणे'चा इथे संबंध नाही. ते अंधारात हातांनी करायचं काम. 'शब्दांसाठी चाचपडला' म्हणता येतं, पण तिथे शब्द सापडत नसतो. चाचरणाऱ्याला तो सापडलेला असतो, उच्चारायचा धीर होत नसतो.

मला सगळ्यात आवडतो तो 'गद्गद'. आयुर्वेदात हा वाणीचा एक विकार आहे, वाचा अडखळण्याचा. मराठीत येईपर्यंत त्याचं आजारपण गळून गेलं आणि गहिवराने दाटलेला कंठ तेवढा उरला. निरोपाच्या भाषणात वक्ता सद्गदित होतो, तेव्हा तोही अडखळतच असतो, पण त्याला कुणी हसत नाही.

आता तुमचं वाक्य. पात्र जन्माचं तोतरं असेल तर ते एकदा कुठेतरी सांगून टाका आणि पुढे साधं 'म्हणाला' लिहा. प्रत्येक संवादात 'म-म-मी' छापू नका, वाचणाऱ्याला कंटाळा येतो आणि आम्हाला राग. पण त्याला पैसे परत करायचेच नसतील आणि तो तारीख पुढे ढकलत असेल, तर "परवा... म्हणजे, परवा नक्की देतो," तो चाचरत म्हणाला, हेच बरोबर.