बारा भाग म्हणजे बारा महिने नव्हेत

प्रश्न (खानापूर): सर, कणकुंबीच्या पावसाच्या 1 जानेवारीपासूनच्या वर्षभराच्या 365 नोंदी नम्पायमध्ये (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) घेतल्या आहेत. महिनावार बेरजेसाठी स्प्लिटला (तुकडे पाडणारे फंक्शन) 12 दिले की एरर येते. ॲरे_स्प्लिट मात्र चालते. तेच ठेवू का?

उत्तर: नको, ताई. स्प्लिटला नुसती संख्या दिली की ते समान भागच करू पाहते. 365 ला 12 ने नि:शेष भाग जात नाही, म्हणून व्हॅल्यूएरर. ॲरे_स्प्लिट अडून बसत नाही. उरलेले 5 आकडे पहिल्या पाच भागांना एकेक वाटून टाकते. म्हणजे पहिले पाच भाग 31 दिवसांचे, पुढचे सात 30 दिवसांचे. त्यात फेब्रुवारीलाही 31 दिवस! मोजून बघा: पाच भागांत 155 दिवस गेले, म्हणून सहावा भाग 5 जूनला सुरू होतो आणि 4 जुलैला संपतो. कणकुंबीसारख्या घाटमाथ्यावर जुलैचे चार दिवस जूनच्या खात्यात गेले, तर दोन्ही महिन्यांच्या बेरजा चुकतात, आणि स्क्रीनवर काहीच लाल दिसत नाही. मला याचीच जास्त धास्ती वाटते.

संख्येऐवजी यादी द्या: 31, 59, 90, 120, 151, 181, 212, 243, 273, 304, 334. या जागी ॲरे (आकड्यांची रांग) तुटते. मोजणी 0 पासून असते: 0 ते 30 पहिला भाग, 31 पासून दुसरा. अकरा ठिकाणी तोडले की बारा तुकडे. शेवटी 365 लिहू नका, तेरावा तुकडा रिकामा येतो. लीप वर्षात 59 पासून पुढचा प्रत्येक आकडा एकाने वाढवा.

प्रश्न (निपाणी): व्हीस्प्लिट आणि एचस्प्लिटमध्ये दर वेळी गोंधळ होतो.

उत्तर: तक्त्यात व्हीस्प्लिट ओळींचे गट करते, एचस्प्लिट रकान्यांचे. मी स्वतः साधे स्प्लिटच वापरतो आणि ॲक्सिस 0 (ओळी) किंवा 1 (रकाने) लिहितो. सहा महिन्यांनी वाचतानाही कळते.

प्रश्न (उद्यमबाग, बेळगाव): भट्टीच्या तापमानाच्या 1 कोटी नोंदींतून एक तुकडा काढला, त्यातले बिघडलेले आकडे शून्य केले. मूळ ॲरेतही शून्य झाले!

उत्तर: होणारच. स्प्लिट नवी प्रत करत नाही, मूळ ॲरेवरच व्ह्यू देते. एकत्र कुटुंबाच्या रानात दोरी धरून वाटे दाखवावेत तसे, जमीन एकच. बदल करायचा असेल तर आधी तुकड्याला कॉपी लावा. मेमरीसाठीही ते बरे: फ्लोट64 मध्ये (एका आकड्याला 8 बाइट) 1 कोटी आकडे म्हणजे 8 कोटी बाइट, आणि हजार आकड्यांचा व्ह्यू हाताशी ठेवला तरी ते सगळे अडकून राहतात.

आणि एक कळकळीने सांगतो. बिघडलेल्या नोंदीला शून्य लिहू नका. 1400 अंशांच्या दहा नोंदींत एक शून्य घुसले की सरासरी 1260 वर येते. तिथे नॅन ('आकडा नाही' अशी खूण) ठेवा आणि सरासरी नॅन वगळणाऱ्या नॅनमीनने काढा.