पुरुष आणि बायकांच्या पगारात एवढा फरक का असतो?
एकाच कामाला बाईला कमी पगार देतात म्हणूनच हा फरक पडतो का, असं तुम्ही विचारलंय. तसंही होतं, पण मोठं कारण मूल झाल्यावर सुरू होतं. नोकरीच्या सुरुवातीला दोघांचे पगार बऱ्यापैकी जवळ असतात, मग पहिलं बाळ येतं आणि आईची कमाई जी खाली येते ती वर्षानुवर्षं भरून निघत नाही, बापाच्या पगाराला मात्र फारसा धक्काच लागत नाही. डेन्मार्कमध्ये पाळणाघरं, रजा सगळं आहे तरी तिथेही हा फटका साधारण २० टक्क्यांचा निघाला, मला हे वाचून खरंच वाईट वाटलं.

क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल याच विषयावरच्या कामासाठी मिळालं. त्यांचा मुद्दा मला एकदम पटतो, ज्या नोकऱ्यांमध्ये रात्री-अपरात्री हजर राहणाऱ्याला जास्त पैसे मिळतात तिथे घर सांभाळणारा माणूस मागे पडतोच, आणि घर बहुतेक वेळा बाईच सांभाळते. शिवाय नर्सिंग, बालवाडी असली ‘बायकांची’ समजली जाणारी कामं, त्यांना मुळातच पैसे कमी. आणि पगार गुपित ठेवायची पद्धत, त्यामुळे आपल्याला कमी मिळतंय हे कित्येकींना कळतच नाही.