मेलबर्नला कुटुंबासह येताना: कोणत्या उपनगरात राहावे?

नमस्कार,

तुम्ही कासारवडवलीहून विचारले आहे की नोकरी मेलबर्नच्या डॉकलँड्स भागात, व्हिसा कायमस्वरूपी वास्तव्याचा, सोबत पत्नी, आठ वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा, तर टार्नीट, पॉइंट कुक आणि ग्लेन वेव्हर्ली यांपैकी कुठे राहावे. मी मूळचा नौपाड्याचा असून आता या शहराच्या आग्नेय भागात राहतो, त्यामुळे माझे मत थोडे त्या बाजूला झुकणार, हे आधीच सांगून ठेवतो.

तुम्ही तिन्ही ठिकाणे ऑफिसच्या अंतरावरून तोलली आहेत. माझ्या मते पहिल्या वर्षी उपनगर निवडावे ते दिवसभर घरी असणाऱ्या माणसाच्या सोयीने. तुम्ही सकाळी ट्रेन पकडून निघून जाल. मुलीला शाळेत सोडणे-आणणे, दूध-भाजी, मुलाला डॉक्टरकडे नेणे हे सारे तुमच्या पत्नीला बहुधा कारशिवाय निभवावे लागेल. कायमस्वरूपी व्हिसावर आलेल्यांना व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्नच्या राज्यात, भारतीय परवान्यावर सहा महिनेच गाडी चालवता येते, पुढे इथल्या परीक्षा द्याव्या लागतात. आणि घरात एकच कार असली, तर ती दिवसभर स्टेशनच्या पार्किंगमध्ये उभी असते.

घोडबंदर रोडला राहणाऱ्या माणसाला ‘स्टेशन अगदी जवळ’ या जाहिरातीचा अर्थ मी समजावून सांगायला नको. पॉइंट कुकमध्ये रेल्वे स्टेशनच नाही. जवळचे विल्यम्स लँडिंग, तेही 2013 साली सुरू झालेले, आणि तिथवर बसने किंवा कारने जावे लागते. रस्त्याने शहरात जायचे म्हटले, तर सकाळी वेस्ट गेट पुलाची कोंडी ठरलेली. घरे मात्र नवी, ऐसपैस, आणि दोन गाड्या असलेली कुटुंबे तिथे सुखात राहतात. टार्नीटला 2015 पासून स्टेशन आहे आणि तिथून ट्रेन थेट शहरातल्या सदर्न क्रॉस स्टेशनला, म्हणजे डॉकलँड्सच्या दारातच पोचते, त्यामुळे एकट्या तुमच्यासाठी तो उत्तम पर्याय ठरला असता. पण ही ट्रेन जीलाँग शहराकडून येते आणि सकाळी बरीचशी भरूनच येते; शिवाय टार्नीट इतके पसरले आहे, की तिथला पत्ता असलेले घर स्टेशनपासून चार-पाच किलोमीटरवरही निघू शकते. ‘तिकडे आपली माणसे आहेत’ हे तुमच्या मित्राचे म्हणणे खरे आहे, पण दुपारी साडेतीनला शाळा सुटते तेव्हा ती आपली माणसेही कामावरच असतात.

ग्लेन वेव्हर्लीचे भाडे चढे आहे, आणि त्यामागे मुख्यतः तिथल्या सरकारी माध्यमिक शाळेचे नाव आहे. इथे माध्यमिक शाळा सातवीपासून सुरू होते. तुमची मुलगी आठ वर्षांची असताना त्या शाळेसाठी आतापासून जादा भाडे भरण्यात मला अर्थ दिसत नाही. प्राथमिक सरकारी शाळेतील प्रवेशही पत्त्यावरच ठरतो, म्हणून घर पसंत पडले की त्याचा नेमका पत्ता ‘फाइंड माय स्कूल’ या सरकारी संकेतस्थळावर घालून पाहा. हद्द कधीकधी रस्त्याच्या मधूनच जाते.

तुमच्या यादीत नसलेले, आग्नेय भागातले क्लेटन हे उपनगर मी सुचवेन. तिथल्या उन्नत स्टेशनवरून उतरले की क्लेटन रोडवर भारतीय वाणसामानाचे दुकान, व्हिएतनामी बेकरी, दवाखाना, औषधांचे दुकान सारे पायी अंतरात आहे, आणि मोनॅश मेडिकल सेंटर हे मोठे रुग्णालयही तिथेच आहे. ट्रेनने शहराच्या मध्यापर्यंत सुमारे अर्धा तास लागतो; पुढे डॉकलँड्सला ट्रामने जावे, मध्यवर्ती भागात तिचे तिकीट लागत नाही. घरे मात्र बरीच जुनी, आणि जुलैत, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, अशा घरात स्वेटर घालून बसावे लागते; पाहायला जाल तेव्हा कोणत्या खोलीत हीटर आहे, तेवढे आवर्जून बघा.

ठाण्यात बसून फोटोंवरून भाडेकरार करू नका. सुरुवातीचे काही आठवडे तात्पुरत्या जागेत राहा, एजंट देतो त्या वेळेला स्वतः घरे पाहा, आणि इथला भाड्याचा पूर्वेतिहास नसल्याने नोकरीचे पत्र व बँकेचा तपशील अर्जाला जोडा. भाडे आठवड्याच्या हिशेबाने सांगतात. ते आठवड्याला 900 डॉलर किंवा त्याहून कमी असेल, तर अनामत सहसा एका महिन्याच्या भाड्याहून अधिक मागता येत नाही, आणि ती घरमालकाच्या खिशात न जाता सरकारी प्राधिकरणाकडे जमा होते.

धाकट्यासाठी बालवाडीची नोंदणी बऱ्याच भागांत स्थानिक कौन्सिलकडे करावी लागते, म्हणून उपनगर ठरताच ते काम आधी उरका. बालवाडीत प्रवेशासाठी लसीकरणाची नोंद ऑस्ट्रेलियाच्या नोंदवहीतच असावी लागते. तेव्हा निघण्यापूर्वी ठाण्यातल्या तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडून दोन्ही मुलांच्या लसींची नावे आणि तारखा इंग्रजीत, सहीशिक्क्यासह लिहून घ्या. इथला डॉक्टर त्यावरून ती नोंद करून देईल.